ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी निवडा: कमी बजेटच्या अपग्रेडचा बरोबर क्रम

जळगावचं गोलाणी मार्केट असो, नाहीतर धुळे-नंदुरबारमधलं एखादं दुकान, काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वीस हजारांत कुठलं कार्ड येईल?" दुकानदार शेल्फवर असलेलं कार्ड पुढे करतो, "भाऊ, हाई कार्ड एक नंबर शे" म्हणतो आणि व्यवहार होऊन जातो. घोळ घरी आल्यावर कळतो. एसएमपीएसला (मशीनला वीज देणाऱ्या डब्याला) आठ पिनची वायरच नसते, कार्ड कॅबिनेटमध्ये बोटभर अडतं, किंवा जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए केबल लावायला कार्डावर जागाच नसते. सगळं बसलं तरी गेम पूर्वीइतकाच अडखळतो, कारण दोष प्रोसेसरचा असतो.

यातली बहुतेक फसगत एका कारणाने होते. लोक कार्डापासून सुरुवात करतात आणि मशीनकडे नंतर बघतात. खालचा क्रम बरोबर उलटा आहे. पहिल्या चार टप्प्यांत एक रुपयाही खर्च करायचा नाही.

## १. अडतंय नेमकं कुठे, ते शोधा

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार आकडे दिसतील असं सेटिंग करा: ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर, कार्डाची मेमरी आणि तापमान. व्ही-सिंक (मॉनिटरच्या वेगाला फ्रेम बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची (सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमची) मर्यादा बंद ठेवून तुम्ही नेहमी खेळता तोच गेम वीसेक मिनिटं खेळा. बेंचमार्कच्या (वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी इथे लागू नका.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड कमी पडतंय आणि पुढे वाचण्यात अर्थ आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही गेम अडखळत असेल, तर नवं कार्डही तसंच रेंगाळेल.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी करा. गेमचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगला वाढला तर कार्डाची मर्यादा आहे. जेमतेम तेवढाच राहिला तर प्रोसेसरची किंवा रॅमची. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ यांसारखे गेम बऱ्याचदा प्रोसेसरवरच अडतात, हे लक्षात असू द्या.

रॅमकडेही बघा. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी घालून देण्याची पद्धत आहे. एकाच पट्टीमुळे रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे निम्म्या वाटेने, चालते आणि आधुनिक गेमना ८ जीबी पुरतही नाही. तशीच दुसरी पट्टी घातली की काही गेममधलं अडखळणं तिथेच थांबतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे हे खरं, पण तरीही ती कार्डापेक्षा स्वस्तच पडेल.

थांबा: खेळताना तापमान ८५ अंशांच्या पुढे जात असेल, तर आधी कार्ड स्वच्छ करा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या घरांत पंख्यांवर आणि जाळीवर कापसाच्या तंतूंचा थर बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग जातं. एवढ्याने कार्ड पुन्हा नीट चालू लागलं, तर पैसे वाचले.

## २. कॅबिनेट उघडा आणि कागदावर उतरवा

मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण आकडे कागदावरच लिहा. दुकानात फोटो झूम करत बसलं की घाई होते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड: नाव सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. यावरून स्लॉट कोणत्या पिढीचा आहे ते कळतं. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंत पीसीआयई (कार्ड बसतं त्या स्लॉटचं मानक) ३.० आहे. ४.० अकराव्या पिढीपासून सुरू होतं. रायझनमध्ये लोक हमखास चुकतात. रायझन ५ ५६०० ला बी५५० सारख्या ४.० च्या बोर्डावर ४.० मिळतं, पण ५६००जी आणि ५५०० यांना बोर्ड बी५५० असला तरी ३.० च मिळतं. ३२००जी आणि ३४००जी यांच्याकडे तर कार्डासाठी आठच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) असतात.

याने फरक काय पडतो? आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात. ३.० स्लॉटवर त्यांचं थोडंसं नुकसान होतं, पण ते सोसण्यासारखं आहे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनचं आणि ४ जीबी मेमरीचं कार्ड. ३.० स्लॉटवर त्याचा जीव अर्धा होतो. कितीही स्वस्त मिळालं तरी जुन्या मशीनसाठी ते घेऊ नका.

लांबी: मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत मोजा. समोर पंखा असेल तर त्याच्या आतल्या बाजूपर्यंतच, कारण पंख्याची जाडीच २५ मिलिमीटर असते. कंपनीच्या वेबसाइटवर कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. मोजमाप आणि कार्ड यांत किमान १५ मिलिमीटरची फट ठेवा. स्लॉटच्या खाली हार्डडिस्कच्या साटा केबल उभ्या खोचलेल्या असतील तर दोन स्लॉट जाडीचं कार्ड त्यांवर आपटतं. तेही बघून घ्या.

रिफर्बिश्ड मशीन: बँका आणि कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप खान्देशात घरोघरी आहेत. पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याएवढं बारकं मॉडेल असेल तर त्यात फक्त लो-प्रोफाइल, म्हणजे निम्म्या उंचीचं कार्ड बसतं. शिवाय या मशीनचे एसएमपीएस बऱ्याचदा कंपनीच्या खास आकाराचे, २४० ते ३०० वॅटचे असतात आणि मदरबोर्डची पिनही वेगळी असते. त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस तिथे सरळ लागत नाही. अशा मशीनला बाहेरून वीज न घेणारं कार्ड हाच शहाणा पर्याय.

इंटेलच्या तिसऱ्या पिढीचं किंवा त्याआधीचं मशीन असेल, तर स्पष्ट सांगतो: कार्डावर पैसे घालू नका. त्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. चौथ्या ते सातव्या पिढीचं कार्डाने भागेल, पण तिथेही हात आखडता घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि ही मशीनं विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत.

## ३. एसएमपीएस: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत "५०० डब्ल्यू" छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर शोधा आणि बाराने गुणा. तिथे १८ अँपिअर लिहिलेले असतील तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच रेषेवर जगतात. एकफेज वायरवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर चढवावी, तसा हा प्रकार आहे: सुरू होईल, पण किती दिवस?

हिशोब असा करा. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनची वायर आणखी ७५, आठ पिनची १५० वॅट. कार्डाचे वॅट, त्यात प्रोसेसरचे ६५ ते १००, बाकी मशीनचे ५०. या बेरजेच्या वर निदान ३० ते ४० टक्के मोकळीक हवी. नामांकित कंपनीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवल्याचा) शिक्का असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस या बजेटमधल्या बहुतेक कार्डांना पुरतो.

थांबा: कार्डाला हवी ती वायर एसएमपीएसमधूनच निघत असली पाहिजे. मोलेक्स (जुन्या चार पिनच्या) किंवा साटाच्या पिनेवरून आठ पिन करून देणारा कन्व्हर्टर दुकानदार सहज काढून देतो. तो नको म्हणा. साटाची पिन एवढ्या विजेसाठी बनलेलीच नाही. ती वितळते.

एसएमपीएसच्या मागे घरची वीज येते. उन्हाळ्यात संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली-वर होतं, हे वेगळं सांगायला नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर गेम चालू असताना लाइट गेली की तो मशीन धरून ठेवत नाही, खटकन बंद पडतो. घराच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे का बघा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरशी नव्या एसएमपीएसचं अनेकदा जमत नाही. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनकडून अर्थिंग दुरुस्त करून घ्या. तोवर नवं कार्ड त्या मशीनजवळ नेऊ नका.

## ४. मॉनिटर किती पेलतो?

मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, असेल तर सेकंदाला १४० फ्रेम काढणारं कार्ड घेऊन त्यातल्या साठच दिसणार. १०८० रिझोल्युशन आणि ६० किंवा ७५ हर्ट्झ, एवढंच पडद्यावर असेल तर मधल्या पट्टीतलं ८ जीबीचं कार्ड पुरे.

मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर सावध. नव्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढंच असतं. एचडीएमआय ते व्हीजीए चालतं, पण त्यासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दोन टोकांना दोन पिना असलेली साधी केबल नाही चालत.

## ५. आता कार्ड

एकूण पैशातून एसएमपीएस, लागलीच तर रॅम आणि कन्व्हर्टर यांचा खर्च आधी वजा करा. उरेल ते कार्डाचं बजेट. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. सगळे पैसे कार्डात जातात आणि जुना एसएमपीएस "बघू नंतर" म्हणून तसाच राहतो.

मेमरीचं साधं सूत्र: ४ जीबीचं नवं कार्ड आता घ्यायचं नाही, ६ जीबी ही तडजोड, ८ जीबी हे लक्ष्य. पण नुसता जीबीचा आकडा बघून भुलू नका. जीटी ७३० वर ४ जीबी मेमरी असते आणि ते "फोर जीबी ग्राफिक्स कार्ड" म्हणून गेमिंगच्या नावाखाली विकलं जातं. गेमसाठी ते निरुपयोगी आहे.

एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल. ते ७० वॅटचं आहे. बहुतेक कंपन्यांच्या मॉडेलना बाहेरची वायर लागत नाही आणि लो-प्रोफाइलमध्येही मिळतं. इथे एक सापळा आहे: ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. ८ जीबीचं १३० वॅटचं असून ताकदीनेही जास्त आहे. दुकानात भाव विचारताना जीबी सांगूनच विचारा, नाहीतर एकाचा भाव आणि दुसऱ्याचा डबा असं होतं.

साधारण ५०० वॅटचा बरा एसएमपीएस असेल, तर १०८० साठी आरएक्स ६६०० हे अजूनही पैशाचं चीज करणारं कार्ड आहे. वीज १३२ वॅट, आठ पिनची एक वायर, ८ जीबी. थोडे पैसे वाढवता आले तर आरटीएक्स ४०६० ११५ वॅटमध्ये त्याच्या बरंच पुढे जातं. ते मिळालं नाही तर आरटीएक्स ५०५० किंवा ५०६० चा भाव विचारा. आरएक्स ७६०० देखील चांगलं, पण ते १६५ वॅट खातं आणि मे महिन्यात त्याची झळ लागते.

इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहात पाडतं, कारण त्यात १२ जीबी मेमरी आहे. पण त्याला बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, सुरू असावाच लागतो आणि जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं. बाराव्या पिढीच्या आय५ च्या खाली मी ते सुचवणार नाही.

दोन कार्डांत अडकलात तर दर फ्रेमचा भाव काढा. समजा एक कार्ड १८,००० रुपयांत तुमच्या गेममध्ये ६० एफपीएस देतं, दुसरं २४,००० मध्ये ९०. पहिल्याला फ्रेममागे ३०० रुपये पडले, दुसऱ्याला साधारण २६७. महाग दिसणारं कार्ड इथे स्वस्त आहे, अर्थात मॉनिटर ९० फ्रेम दाखवणारा असेल तरच. यूट्यूबवरचे आकडे बघताना चाचणीचा प्रोसेसर कोणता आहे ते जरूर वाचा. ते लोक सगळ्यात महागडा प्रोसेसर लावून मोजतात.

## ६. खरेदी

नवं कार्ड घेताना जीएसटीसह भाव विचारा. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर कमी करतो" याचा अर्थ वॉरंटी गेली असाच घ्या. पक्क्या बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. डब्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा नंबर तिथेच जुळवून बघा. वॉरंटी भारतातली आहे का आणि कार्ड बिघडलं तर पाठवायचं कुठे, हे पैसे देण्याआधी विचारा. सर्व्हिस सेंटर बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबईला असतं. स्थानिक दुकानदार ते पाठवायची जबाबदारी घेत असेल तर त्याला पाचशे-सातशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा सुरतेहून आणलेलं कार्ड स्वस्त पडतं, पण परत न्यायची वेळ आली की रेल्वेचं भाडं आणि एक दिवस त्यात मिळवा.

ऑनलाइन घेतलं तर पार्सलचं सील दिसेल इथपासून कार्ड हातात येईपर्यंत एकसंध व्हिडिओ काढा. मध्ये कट नको.

सेकंड हँडसाठी नियम कडक ठेवा. आधी पैसे पाठवायचे नाहीत, टोकन म्हणूनसुद्धा नाही. कार्ड चालू मशीनवर बघायचं. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. बनावट कार्डाच्या नावापुढे ते बऱ्याचदा तसा इशारा देतं. जुनी चिप जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार जुनेच आहेत. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडरची (कार्डातल्या गणना करणाऱ्या घटकांची) संख्या बघा. २३०४ हवी. २०४८ दिसली तर ते नावालाच ५८० आहे. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवा, त्यानंतर एखादा खरा गेम. पडद्यावर रंगीत ठिपके, पंख्याची खरखर, अचानक काळा पडदा, यातलं काहीही दिसलं तर निघा. सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून तपासा.

जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका आता टाळा. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर बंद केले आणि फक्त सुरक्षेची अपडेट ठेवली. जीटीएक्स १६५० आणि १६६० ला ड्रायव्हर मिळतात, पण हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशाचे किरण मोजण्याची कार्डातलीच सोय, जी यांत नाही) सुरूच न होणारे मोठे गेम २०२४ च्या अखेरीपासून येऊ लागले आहेत.

## ७. बसवताना

नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा. कंपनी बदलत असेल, म्हणजे एनव्हिडियावरून एएमडीकडे किंवा उलट, तर इंटरनेट बंद करून सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर काढा. मग मशीन बंद, एसएमपीएसचं बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.

हात कॅबिनेटच्या कोऱ्या लोखंडाला लावा. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी आधी दाबा. खिट्टी न दाबता ओढल्याने स्लॉटच उखडतो. नवं कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन "टक" आवाज येईपर्यंत बसवा, स्क्रू लावा, मग विजेची वायर पूर्ण आत जाईपर्यंत ढकला. प्रोसेसरच्या आठ पिनची वायर कार्डाच्या वायरीसारखीच दिसते. ती कार्डात घुसवायचा प्रयत्न करू नका.

तपासा: मॉनिटरची केबल कार्डात लावली आहे ना? मदरबोर्डच्याच एचडीएमआयला केबल ठेवून "नवं कार्ड चालतच नाही" म्हणणारे दर आठवड्याला भेटतात.

डिस्प्ले आल्यावर ड्रायव्हर टाका. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट निवडा. तो आपोआप १४४ होईलच असं नाही. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) आणि रिसायझेबल बार सुरू करा. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसच्या ओळीत लेन बघा. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी चालवा, कारण कार्ड निवांत असताना वेग कमी दाखवला जातो. आठ लेनच्या कार्डावर चारच दिसल्या तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे.

## ८. मे महिन्याची चाचणी

कार्डांच्या चाचण्या होतात वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस अंश सहज असतात. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच कार्डाचं वाढतं. जानेवारीत खोली २४ वर असताना कार्ड ६८ दाखवत असेल, तर ४० च्या खोलीत ते ८४ च्या आसपास जाईल आणि तिथून स्वतःचा वेग कमी करू लागेल. म्हणून एकाच पंख्याचं मॉडेल हजार-बाराशेने स्वस्त मिळालं तरी, जागा असेल तर दोन पंख्यांचंच घ्या.

आधीच घेऊन झालं असेल तर एफपीएसला मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० ची मर्यादा लावली की कार्डाची गरमी आणि पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणलं तर एफपीएस थोडेच कमी होतात, तापमान मात्र चांगलं खाली येतं.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ती हवा दमट असते आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार तुषारांबरोबर आत जाऊन बोर्डावर बसतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा खोलीत कोंडणार नाही.

थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. त्याचा आणि सीरियल नंबरचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. जुनं कार्ड विकायची घाई नको, विशेषतः प्रोसेसरच्या नावाला शेवटी एफ असेल किंवा तो जी नसलेला रायझन ५६०० असेल तर. या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसतात. नवं कार्ड वॉरंटीत गेलं तर ते परत येईपर्यंत त्या जुन्या कार्डाशिवाय पडदा उजळणार नाही.